तांबं किती घालायचं इथूनच सुरुवात: पॅक्ड बेडमधल्या केमिकल लूपिंग कम्बशनचा प्रयोग कसा मांडावा

केमिकल लूपिंग कम्बशनमध्ये इंधन आणि हवा एकमेकांना कधीच भेटत नाहीत. मध्ये धातूचा ऑक्साइड असतो, त्यालाच ऑक्सिजनचा वाहक म्हणतात. तो इंधनाला आपला ऑक्सिजन देऊन स्वतः धातू होऊन बसतो, आणि मग त्याच्यावरून हवा सोडली की पुन्हा ऑक्साइड होतो. इंधनाच्या पाळीत बाहेर पडतात ते फक्त कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. वाफ थंड करून पाणी काढलं की जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड हाती येतो. नायट्रोजनच्या ढिगातून तो वेचून काढायची उस्तवारी राहत नाही.

कल्पना जुनीच आहे. लुईस आणि गिलिलंड यांनी १९५४ साली शुद्ध कार्बन डायऑक्साइड बनवण्यासाठी असंच पेटंट घेतलं होतं. आजचं नाव रूढ झालं ते इशिदा यांच्या १९८७ च्या कामापासून. त्यानंतरची बहुतेक संयंत्रं दोन जोडलेल्या फ्लुइडाइज्ड बेडची आहेत, म्हणजे वाहकाचे कण एका रिअ‍ॅक्टरमधून दुसऱ्यात फिरत राहतात. पॅक्ड बेडमध्ये कण जागचे हलत नाहीत, वायू बदलत राहतो. ही वाट नूरमन, व्हॅन सिंट आनलांड आणि कॉयपर्स यांनी २००७ मध्ये नीट मांडली. फायदा उघड आहे: कण झिजत नाहीत, धूळ गाळायला सायक्लोन लागत नाही, आणि गॅस टर्बाइनला लागतो तेवढा दाब चढवणं सोपं जातं. तोटाही तितकाच उघड आहे. सगळी उष्णता एका जागी साठते आणि तापलेल्या वायूवर झडपा फिरवाव्या लागतात.

वाहक तांब्याचा असेल तर या तोट्याला धार येते, कारण तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून हा लेख भट्टीपासून सुरू न करता कागदावरच्या हिशोबापासून सुरू करतो. पॅक्ड बेडमधलं कमाल तापमान प्रयोगाच्या दिवशी ठरत नाही. वाहकात तांबं किती घालायचं हे ज्या दिवशी ठरवता, त्याच दिवशी ते ठरून जातं.

पहिली पायरी: तापमानवाढीचा हिशोब

नवखा माणूस म्हणतो, बेड फार तापला तर हवा कमी करू. हवा कमी केली तर सगळं सावकाश होईल, पण तापमान तेवढंच चढेल. कारण असं.

हवा आत शिरली की बेडमध्ये एक अरुंद पट्टा तयार होतो. तांब्याचं ऑक्सिडेशन तिथेच चालतं. पट्ट्याच्या मागे सगळं ऑक्साइड, पुढे सगळं तांबं. हा पट्टा वायूच्या दिशेने सरकत जातो. त्याला आपण अभिक्रियेची आघाडी म्हणू. तिच्या मागून, बरीच सावकाश, उष्णतेची आघाडी येते. येणारी थंड हवा तापलेल्या कणांची उष्णता पुढे ढकलते ती ही आघाडी. या दोन आघाड्यांच्या मधला भाग सगळ्यात गरम.

एक किलो वाहक घ्या. रिडक्शननंतर, म्हणजे इंधनाने ऑक्सिजन काढून घेतल्यावर, त्यात १० टक्के तांबं आहे, बाकी आधार म्हणून अ‍ॅल्युमिना. म्हणजे १०० ग्रॅम तांबं, १.५७ मोल. एक मोल तांब्याचं कॉपर ऑक्साइड होताना सुमारे १५७ किलोज्यूल उष्णता सुटते (हा आकडा सामान्य तापमानाचा; भट्टीच्या तापमानाला किंचित कमी). एकूण २४७ किलोज्यूल. वाहकाची उष्णताधारकता या तापमानाला दर किलोला साधारण १.१२ किलोज्यूल प्रति अंश. लागणारी हवा ३.७५ मोल, तिची उष्णताधारकता ०.१२ किलोज्यूल प्रति अंश. आता नीट पाहा: मागून येणारी हवा तापलेल्या पट्ट्यातून गरम होऊनच आघाडीवर पोचते, म्हणून तिचा वाटा घनाच्या आकड्यातून वजा करायचा. २४७ भागिले १.००, म्हणजे सुमारे २४५ अंशांची वाढ.

या गणितात हवेचा वेग कुठेच आला नाही.

आता तेच २० टक्के तांब्याने करून पाहा: सुटणारी उष्णता दुप्पट, घनाची उष्णताधारकता थोडी कमी, हवेचा वजा होणारा वाटा दुप्पट. वाढ ६०० अंशांच्या वर जाते. ४५० अंशांपासून सुरुवात केली तरी बेड तांब्याच्या वितळबिंदूच्या दारात उभा राहतो. ३० टक्क्यांना तर विचारूच नका. म्हणून पॅक्ड बेडसाठी तांब्याचे वाहक हलक्या हाताने भरलेले असतात. जास्त ऑक्सिजन साठवायचा मोह इथे आवरावा लागतो, जरी शुद्ध कॉपर ऑक्साइडच्या वजनाचा पाचवा हिस्सा ऑक्सिजनच असला तरी.

रिडक्शनमध्येही तांबं उष्णताच देतं. निकेलच्या ऑक्साइडवर मिथेन सोडला तर बेड थंड होतो, तांब्याच्या ऑक्साइडवर गरम होतो. वरच्याच वाहकावर शुद्ध मिथेन सोडला तर वाढ ६० अंशांच्या आसपास, हायड्रोजन सोडला तर १२५, कार्बन मोनॉक्साइड सोडला तर १८५. म्हणजे एका चक्रात दोन्ही वाढी एकमेकींवर चढतात. कमाल तापमान मोजताना त्यांची बेरीज धरा आणि ९५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. वितळबिंदू १०८५ असला तरी तांब्याचे बारीक कण त्याच्या कितीतरी आधी एकमेकांना चिकटून मोठे होऊ लागतात.

हवा पातळ करण्याचा मोह

दुसरा हमखास सुचणारा उपाय म्हणजे हवेत नायट्रोजन मिसळणं. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १० वर आणला तर आग सौम्य होईल, असं वाटतं. वरच्या गणितात घालून बघा. तेवढ्याच ऑक्सिजनसाठी आता दुप्पट वायू लागतो, वजा होणारा आकडा दुप्पट होतो, आणि वाढ २४५ वरून २८० अंशांवर जाते. ५ टक्क्यांना ती ३९० च्या आसपास पोचते. ऑक्सिजन जितका पातळ, तितक्या दोन्ही आघाड्या एकमेकींच्या जवळ येतात आणि तीच उष्णता आणखी अरुंद पट्ट्यात कोंडते. या वाहकासाठी २ टक्क्यांच्या जरा वर दोन्हींचा वेग सारखा होतो. तो टप्पा टाळायचाच. त्याहून खूप खाली गेलात तर उष्णता अभिक्रियेच्या पुढे पळते आणि चित्र उलटतं. जास्त तांबं असलेल्या बेडमध्ये मुद्दाम या बाजूला राहून, थंड आणि अगदी पातळ वायू वापरून तापमान आवरता येतं. पण ती वेगळी रचना झाली.

एक सावधगिरी. हे सगळं उष्णता बाहेर न जाणाऱ्या मोठ्या बेडचं गणित आहे. प्रयोगशाळेतली ३० मिलिमीटरची नळी भिंतीतून भरपूर उष्णता गमावते, त्यामुळे तिथे हवा पातळ केली की तापमान खरंच उतरलेलं दिसतं. लहान नळीतल्या या दिलाशावर मोठा बेड आखू नका.

दुसरी पायरी: वाहक बनवणं

अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्या २ मिलिमीटरच्या घ्या. भुकटी नको. कारण दाबाचा: ८०० अंशांना वायूचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल तर २ मिलिमीटरच्या गोळ्यांमध्ये दर मीटरला ०.०५ बारच्या आसपास दाब खर्च होतो, आणि ०.३ मिलिमीटरच्या कणांमध्ये २ बारहून जास्त. फार मोठ्या गोळ्यांचा त्रास वेगळा. वायू आत झिरपायला वेळ लागतो आणि आघाडी पसरट होते.

२०० ग्रॅम वाहकासाठी १८० ग्रॅम अ‍ॅल्युमिना आणि ७६ ग्रॅम कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट लागेल. त्यातून २० ग्रॅम तांबं मिळतं. आधी गोळ्या किती पाणी पितात ते मोजा. १० ग्रॅम कोरड्या गोळ्यांवर ब्युरेटने थेंब थेंब पाणी सोडत हलवत राहा. गोळ्या एकमेकींना चिकटू लागल्या की थांबा. ग्रॅमला ०.६ मिलिलिटर आलं, तर १८० ग्रॅमला १०८ मिलिलिटर. द्रावण बरोबर तेवढंच करायचं. जास्त झालं तर नायट्रेट गोळ्यांच्या बाहेर सुकतं आणि नंतर काजळीसारखं झडतं. मी निम्मं निम्मं करून दोनदा भिजवतो, मध्ये ११० अंशांना सुकवून आणि ५५० अंशांना अर्धा तास भाजून. वेळ जातो, पण तांबं आतपर्यंत सारखं बसतं.

भाजताना नायट्रेट फुटून नायट्रोजन डायऑक्साइडचा तांबूस धूर निघतो. तो विषारी आहे, भट्टी धूर ओढणाऱ्या कपाटाखालीच हवी. निळ्या गोळ्या काळ्या होतात. शेवटचं भाजणं ८५० अंशांना एक तास. या तापमानाला थोडं तांबं अ‍ॅल्युमिनाशी जोडलं जाऊन कॉपर अ‍ॅल्युमिनेट होतं. काही जण त्याला घाबरतात. माझ्या मते या कामापुरतं ते निभावून नेण्यासारखं आहे, कारण ते इंधनाने रिड्यूस होतं, फक्त मोकळ्या ऑक्साइडपेक्षा सावकाश. तांबं धरून ठेवायला त्याचा उपयोगच होतो.

बेड भरण्याआधी चिमूटभर वाहक टीजीए मध्ये (तापवताना वजनातला बदल मोजणाऱ्या यंत्रात) टाका. पूर्ण रिडक्शनला वजन सुमारे २.५ टक्के घटलं पाहिजे. २ टक्केच घटत असेल तर सगळे पुढचे वेळेचे हिशोब त्या आकड्याने करा, पाककृतीतल्या आकड्याने नाही.

तिसरी पायरी: नळी भरणं आणि जोडणी

३० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत २०० ग्रॅम वाहकाची उंची साधारण ३० सेंटिमीटर येते. नळीचा व्यास गोळीच्या निदान दहापट हवा, नाहीतर वायू भिंतीच्या कडेने निसटतो. इथे तो पंधरापट आहे. वाहकाच्या आधी आणि नंतर नुसत्या अ‍ॅल्युमिना गोळ्यांचा थर द्या. आधीचा थर वायू तापवतो, नंतरचा भरणा जागेवर ठेवतो.

मधोमध एक बारीक म्यान आणि त्यात दर ५ सेंटिमीटरला एक, असे पाच-सहा के प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा). यात कंजूषी करू नका. एकच थर्मोकपल असला तर आघाडी त्याच्यावरून कधी गेली एवढंच कळतं. बेडमध्ये काय चाललंय ते कळत नाही.

बाहेर पडणारा वायू कंडेन्सरमधून, मग विश्लेषकाकडे. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन इन्फ्रारेडवर दिसतात, ऑक्सिजनला वेगळा सेल लागतो. हायड्रोजन इन्फ्रारेडला दिसतच नाही. त्याच्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर किंवा गॅस क्रोमॅटोग्राफ हवा. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि हवा व इंधनाच्या झडपा अशा जोडलेल्या की दोन्ही एकाच वेळी उघडताच येऊ नयेत. हे सॉफ्टवेअरवर सोपवू नका, विजेच्या जोडणीतच करा.

चौथी पायरी: चक्र

नायट्रोजनखाली बेड तापवा. सिनगॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण) जाळायचा असेल तर ४५० अंश पुरतात. मिथेन हट्टी आहे. ६५० च्या खाली तो तांब्याच्या ऑक्साइडशी फार सावकाश वागतो, आणि ८०० ला सरळ येतो. मग हवा सोडून एकदा पूर्ण ऑक्सिडाइज करून घ्या. इथून चक्र सुरू.

आधी पर्ज, म्हणजे आतला उरलेला वायू नायट्रोजनने बाहेर ढकलणं. बेडमधली मोकळी जागा जेमतेम ९० मिलिलिटर, म्हणून दहा-पंधरा सेकंद पुरतील असं गणित सांगतं. पण खरी जागा अडते ती पाइप आणि कंडेन्सरमध्ये. मिनिटाला १ लिटर नायट्रोजन दोन-तीन मिनिटं सोडा, आणि घड्याळाकडे न बघता ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघा. बेड इतका तापलेला असतो की मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये आला की ठिणगीची गरजच नाही.

मग इंधन. या बेडमधल्या ऑक्सिजनला १.७६ नॉर्मल लिटर मिथेन पुरतो, मिनिटाला ०.२ लिटर सोडला तर नऊ मिनिटांच्या आत काम संपतं. सुरुवातीला बाहेर फक्त कार्बन डायऑक्साइड येतो, मग एका क्षणी मिथेन डोकावतो. तो दिसला की इंधन बंद. शेवटचा ऑक्सिजन पिळून काढायच्या नादात इंधन वाया जातं आणि कार्बन बसायचा धोका वाढतो. गणिताच्या ८० ते ९० टक्के वापर झाला तरी समाधान माना. पुन्हा पर्ज.

आता उष्णता काढणं. ही पाळी ऑक्सिडेशननंतर लगेच घ्यायची की रिडक्शननंतर? तांबं आणि मिथेन या जोडीसाठी माझं उत्तर ठाम आहे: रिडक्शननंतर. ऑक्सिडेशनने तापवलेला बेड मिथेनला हवाच असतो. आधी थंड केला तर मिथेन न जळताच बाहेर येतो. रिडक्शननंतर मात्र बेडमध्ये उघडं तांबं असतं, म्हणून उष्णता काढणारा वायू ऑक्सिजन नसलेला नायट्रोजनच हवा. तो ज्या तापमानाला आत सोडाल, तेच पुढच्या ऑक्सिडेशनचं सुरुवातीचं तापमान. ६०० ला सोडलात तर ऑक्सिडेशन ८४५ पर्यंत नेईल, त्यावर मिथेन आणखी ६० चढवेल. बेड ९०५ च्या आसपास थांबेल, आपल्या मर्यादेच्या आत.

या पाळीला किती वायू लागतो ते बघून लोक दचकतात. बेडची उष्णता बाहेर ढकलायला ऑक्सिडेशनच्या हवेच्या नऊ-दहापट वायू लागतो. मोठ्या संयंत्रात म्हणूनच एकावेळी बहुतेक बेड उष्णता काढण्याच्या पाळीत असतात आणि थोडेच प्रत्यक्ष हवा किंवा इंधन घेत असतात. टर्बाइनला जाणारा गरम वायू हाच.

शेवटी हवा: मिनिटाला २ लिटर, साधारण साडेआठ मिनिटं, ऑक्सिजन बाहेर दिसेपर्यंत.

पाचवी पायरी: आकडे वाचणं

ऑक्सिडेशनच्या पाळीत थर्मोकपलांच्या रेषा एकामागून एक उठतात. ३० सेंटिमीटर साडेआठ मिनिटांत, म्हणजे ५ सेंटिमीटरवरच्या दोन थर्मोकपलांमध्ये ८५ सेकंदांच्या आसपास अंतर हवं. तिसऱ्या आणि चौथ्यामधलं अंतर अचानक ६० वर आलं तर त्या भागात वाहक कमी भरलाय, मेलाय, किंवा वायूला आडवाट सापडली आहे. रेषा सरळ न उठता लांबट चढू लागली तर अभिक्रिया मंदावली आहे. तांब्याचे कण मोठे होत असल्याची ही पहिली खूण.

ऑक्सिजनचा जमाखर्च रोज जुळवा. रिडक्शनमध्ये गेलेला आणि ऑक्सिडेशनमध्ये परत आलेला सारखा हवा; या बेडसाठी पूर्ण चक्राला सुमारे ५ ग्रॅम. ऑक्सिडेशनमध्ये जास्त ऑक्सिजन खर्च होत असेल आणि हवेच्या पाळीत कार्बन डायऑक्साइडचं टेकाड दिसत असेल, तर बेडवर कार्बन बसला होता आणि आता जळतोय. तांबं स्वतः कार्बन फारसं बसू देत नाही, निकेलच्या तुलनेत तर नाहीच. म्हणून टेकाड दिसलं की आधी नळीच्या स्टीलकडे आणि इंधन जास्त वेळ चालू राहिलं का याकडे बघा. इंधनात थोडी वाफ मिसळली तरी ते बहुधा नाहीसं होतं.

एक फसवी खूण सांगतो, कारण तिने माझे दोन दिवस खाल्ले. बेड ९०० च्या आसपास होता, नायट्रोजनचा पर्ज चालू, आणि ऑक्सिजनचा आकडा दीड टक्क्याच्या जवळ अडून बसला. गळती समजून आम्ही एकूण एक सांधा साबणाच्या पाण्याने तपासला. गळती नव्हतीच. इतक्या तापमानाला कॉपर ऑक्साइड स्वतःहून ऑक्सिजन सोडून क्युप्रस ऑक्साइड होऊ लागतं. समतोलाचा आकडा ९०० अंशांना दीड टक्का, १००० ला बारा टक्क्यांच्या वर. ओळखायची युक्ती सोपी आहे. बेड ७५० वर आणा. आकडा शून्याला गेला तर वाहक, तसाच राहिला तर गळती.

इंधनात हायड्रोजन सल्फाइड असेल तर ते आधीच काढून घ्या. तांबं गंधक घट्ट धरतं.

बंद करताना

बेड नेहमी ऑक्सिडाइज्ड अवस्थेतच थंड करा. रिड्यूस झालेलं बारीक तांबं गरम असताना हवेत उघडं केलं तर डोळ्यांसमोर तापून लाल होतं. पन्नासेक चक्रांनंतर नळी उघडाल तेव्हा भरणा एकदम ओतू नका. थर्मोकपलांच्या अंतराप्रमाणे ५-५ सेंटिमीटरचे थर वेगवेगळ्या डब्यांत घ्या. सगळे थर काळे असतील तर ठीक. एखाद्या थरात तांबूस गोळ्या निघाल्या तर तिथे हवा पोचली नव्हती. गोळ्या एकमेकींना चिकटून ढेकूळ निघालं, तर त्या उंचीवरच्या थर्मोकपलची सगळ्या चक्रांची नोंद काढा. कमाल तापमान कोणत्या चक्रात निसटलं ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.